कोकणात मानवशास्त्र विभागाची धुरा घेताना

मानवशास्त्राचा विभाग चालवणे दुसऱ्या विभागांसारखे नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संपलेले आम्ल परत मागायला कुणी येत नाही. आपल्या विभागाच्या कपाटांत मात्र माणसांची नावे, वंशावळी, डोक्यांची मापे, ओव्या, अंगात आलेल्या बायकांचे फोटो आणि कुणीतरी विश्वासाने सांगितलेली भाऊबंदकी ठेवलेली असते. ती माणसे किंवा त्यांची नातवंडे एसटीने तास-दीड तासावर राहतात. कधी कधी त्यांतलीच काही मुले आपल्या वर्गात बसलेली असतात.

म्हणून नव्याने विभागप्रमुख होणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: विद्यापीठाच्या कार्यालयाशी असलेला हिशेब कार्यालय तुमच्याकडून करून घेईलच. गावांशी असलेला हिशेब मागणारे कुणी नसते. तो तुम्ही स्वतःहून काढायला घ्या आणि पहिल्याच वर्षी घ्या. पुढचा क्रम त्या दृष्टीने लावला आहे. लिहिताना डोळ्यांपुढे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आहेत. स्वतंत्र विभाग नसून मानवशास्त्र समाजशास्त्राला जोडलेले असले, तरी काम हेच.

कार्यभार घेण्याच्या दिवशी

घाई करू नका. आधीच्या प्रमुखांशी कितीही स्नेह असला तरी जडसंग्रह नोंदवही (कार्यालयात सगळे तिला डेडस्टॉकच म्हणतात) समोर ठेवून एकेक वस्तू डोळ्यांनी पाहूनच सही करा. जी सापडत नाही तिच्यापुढे ‘पडताळणीत आढळली नाही’ असे लिहा, तारीख घाला आणि मग सही करा. यात कुणावर अविश्वास नाही. तीन वर्षांनी लेखापरीक्षणात तीच वस्तू तुमच्या नावावर निघते, तेव्हा ही एक ओळ उपयोगी पडते.

त्याच बैठकीत तीन गोष्टी विचारून घ्या. कुणाच्या नावावर उचललेले अग्रिम अजून समायोजित व्हायचे आहे, कुठल्या प्रकल्पाचे विनियोग प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) द्यायचे राहिले आहे आणि माहितीच्या अधिकारातले किंवा न्यायालयातले कोणते प्रकरण चालू आहे. अडकलेल्या विनियोग प्रमाणपत्रामुळे पुढचे अनुदान थांबते आणि तोपर्यंत मूळ संशोधक निवृत्त झालेले असतात. किल्ल्या, संगणकाचे पासवर्ड, विभागाचा ईमेल आणि छायाचित्रांच्या हार्ड डिस्क यांची यादी लेखी घ्या. हार्ड डिस्क बहुधा डेडस्टॉकमध्ये नसतात, कुणाच्या तरी घरी असतात. त्या गोड बोलून परत मिळवा.

कपाटे उघडा

पहिल्या महिन्यातले सर्वांत महत्त्वाचे काम हे. एक प्राध्यापक, एक विद्यार्थी आणि प्रयोगशाळेचे जुने सहायक अशी छोटी तुकडी करा आणि विभागात गावांतून आलेले काय काय आहे त्याची नवी यादी करा. या यादीचा डेडस्टॉकशी संबंध नाही. हिच्यात वस्तूची किंमत लागत नाही. कुठून आली, कुणाकडून आली, काय सांगून आणली आणि परत काय दिले, एवढे चार रकाने लागतात.

एक उदाहरण सांगतो. विभागाच्या संग्रहात बहुतेक ठिकाणी एखादे इरले असते. बांबूचा सांगाडा, त्यावर पाने, लावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचे. त्याच्या चिठ्ठीवर ‘इरले, कोकण’ एवढेच लिहिलेले आढळते. गाव नाही, विणणाऱ्याचे नाव नाही, वर्ष नाही. अशी वस्तू संग्रहात असून नसल्यासारखी. ते इरले घेऊन जवळच्या वाडीत जा. साठी-सत्तरीतल्या बायका हात लावूनच सांगतात की ही वीण आपल्याकडची की खाडीपलीकडची, पाने कसली, आणि बाईच्या मापाचे की पुरुषाच्या. त्या सांगतात ते सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून घ्या. पाग, रोवळी, शेर-पायलीची मापे, दशावतारातला जुना मुकुट, सगळ्यांचे असेच करा. वस्तूचा पत्ता लागतोच, शिवाय विभागाबद्दल वाडीत पहिल्यांदा काहीतरी चांगले बोलले जाते.

ध्वनिफिती आणि वह्यांचे काम जास्त जपून करायचे आहे. जुन्या क्षेत्रटिपणांत खऱ्या नावांनिशी लिहिलेले असते: कुणाची जमीन कुणी बळकावली, कुणाच्या मुलीचे लग्न का मोडले, देवाचा कौल कुणाच्या बाजूने लागला. अशा वह्या वेगळ्या काढा, कुलपात ठेवा आणि त्या कोण वाचू शकेल याचा नियम विभागाच्या बैठकीत लेखी करून घ्या. कोकणात हा प्रश्न कागदावरचा नाही. सडे (कातळाची उघडी पठारे), देवराया आणि सामाईक जमिनी कुणाच्या नावावर आहेत हे जाणून घेण्यात आज दलालांना फार रस आहे, आणि विद्यार्थ्याने भाबडेपणाने भरलेल्या प्रश्नावलीत सर्व्हे नंबरसकट ते सापडते.

मापे आणि हाडांचे कपाट उघडताना विषयाचा इतिहास ठाऊक असावा. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमानतेवर पीएचडी केली. फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते होते, पण कर्वे यांच्या मोजणीतून त्यांना हवा असलेला निष्कर्ष निघाला नाही आणि त्यांनी तो काढलाही नाही. पुढे आपल्याकडेही अनेक विभागांनी जातीजातींच्या डोक्याची आणि नाकाची मापे घेतली. ते तक्ते फाडू नका आणि प्रदर्शनात लावू नका. कोणी, कुठे, कुणाची आणि कशासाठी मापे घेतली हे लिहून ते संदर्भासाठी ठेवा. पहिल्या सत्रातल्या मुलांना ते दाखवा आणि मापणाऱ्याने मापल्या जाणाऱ्याला काय विचारले होते, यावर एक तास बोला. शिकवण्यासाठी विकत घेतलेल्या सांगाड्यांची कागदपत्रे शोधा. भारतातून मानवी हाडांच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या काळात हा व्यापार किती मोठा होता आणि ती माणसे कोण होती, हे विद्यार्थ्यांना माहीत असले पाहिजे. एखादी कवटी इथल्याच जुन्या दफनभूमीतून आलेली निघाली, तर तिच्याबद्दलचा निर्णय विभागाने एकट्याने घ्यायचा नाही.

पाऊस येण्याआधी

आपल्याकडे चार महिने हवेत पाणी असते, त्यात खारी हवा. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, जमिनीपासून उंचावर घ्या, आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या महिन्या-महिन्याला वाळवा. अँथ्रोपोमीटर आणि कॅलिपर या शरीराची मापे घ्यायच्या उपकरणांना वैशाखातच तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळा, नाहीतर श्रावणात सांधे हलत नाहीत. वाळवी लाकडी चौकटीतून येते, म्हणून वह्यांचे गठ्ठे चौकटीला टेकून कधीच ठेवू नका.

तळमजल्यावर मूळ कागद ठेवू नका, हे हट्टाने सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये एका रात्रीत पाणी चढले. शहरातल्या ग्रंथालयाची दुर्मीळ पुस्तके चिखलात गेली. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोलीकडची छपरे उडवली. इमारत नवी आहे, टेकडीवर आहे, म्हणून आपण सुटलो असे समजू नका. छप्पर उडाले की वरचा मजलाच भिजतो. मूळ टिपणांच्या स्कॅन प्रती एक विभागात, एक विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि एक जिल्ह्याबाहेर अशा तीन ठिकाणी ठेवा. स्कॅनरसाठी पैसे मंजूर होईपर्यंत मोबाइलने चांगल्या उजेडात काढलेले फोटोही चालतात.

विभागातली माणसे

तुमच्या विभागात बहुधा मंजूर पदांपेक्षा भरलेली पदे कमी असतील आणि बरेचसे तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेत असतील. त्यांना पगार तासांवर मिळतो, सुट्टीत मिळत नाही, आणि तरी क्षेत्रकार्याला मुलांबरोबर तेच जातात. क्षेत्रकार्याचे दिवस त्यांच्या मानधनात कसे धरले जातात हे नियुक्तीच्या वेळीच कार्यालयाकडून लेखी घ्या. बिले अडकली तर स्वतः वित्त विभागात जा, त्यांना पाठवू नका. पदभरतीसाठी बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची वाटणी दाखवणारी नोंदवही) तपासून घेण्याचा पाठपुरावा पहिल्या महिन्यातच सुरू करा. तो लांबतो, आणि तुमच्या कारकिर्दीत जागा भरली गेली नाही तरी फाइल हललेली असते.

बैठका कमी घ्या, पण प्रत्येकीचे इतिवृत्त करा. वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे दोन सहकारी तुम्हाला वारशात मिळू शकतात. त्यांच्यात समेट घडवायचा प्रयत्न पहिल्या वर्षी करू नका. कामाची वाटणी लेखी असली की अबोला चालून जातो.

आणि विभागातल्या मामांशी, म्हणजे शिपायांशी, निवांत बसा. कुठल्या गावात आधीच्या सरांचे काय बिनसले होते, कोणत्या वाडीतून कोण निरोप घेऊन आला होता, कुठला पाहुणा फोटो द्यायचे कबूल करून गेला आणि परत आलाच नाही, हे कुठल्याही फाइलमध्ये नसते. पुष्कळदा मामा त्याच पंचक्रोशीतले असतात. त्यांनी सांगितलेली गावांची नावे वहीत उतरवा. तुमच्या देण्यांची पहिली यादी तीच.

क्षेत्रकार्याचे वेळापत्रक गावाच्या पंचांगाप्रमाणे

बहुतेक विभाग इथे चुकतात. परीक्षा आटोपली, डिसेंबरात सहल काढली, आठ दिवसांत प्रश्नावली भरून आणली. गावाच्या दृष्टीने तो काळ कसा आहे, हे कुणी पाहिलेले नसते.

कातकरी वाडीचे पाहा. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दिवाळीनंतर घरटी कामाची माणसे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तुम्ही डिसेंबरात गेलात तर वाडीत म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मुले भेटतील. त्यावर लिहिलेला ‘कुटुंबरचना’ हा भाग चुकीचा ठरणार. कातकऱ्यांवर काम करायचे तर एकतर भर पावसाळ्यात वाडीवर जायचे, नाहीतर भट्टीवर. आणि भट्टीवर जायचे तर मालकाच्या ओळखीने जाऊ नका. मुकादमासमोर कुणी खरे बोलत नाही.

भातशेतीच्या गावांत आषाढात लावणीच्या वेळी कुणाला डोके वर करायला सवड नसते. मुलांना शेतात उतरून काम करायचे असेल तर जा, वही घेऊन बांधावर उभे राहायचे असेल तर जाऊ नका. कोळीवाड्यांत उलटे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसे घरात जाळी विणत बसलेली असतात आणि बोलायला वेळ असतो. नारळी पौर्णिमा उलटली की तो वेळ संपला. मालवण-वेंगुर्ल्याकडे जत्रा आणि दशावतार कार्तिकापासून पुढे. रत्नागिरीकडे शिमगा. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते तेव्हा गावाची सगळी मांडणी डोळ्यांपुढे चालत असते: कुणाचा मान पहिला, पुरून ठेवलेली खूण कोण काढतो, कोणत्या वाडीत पालखी किती वेळ थांबते. हे पाहायला मुलांना जरूर न्या, पण मानपानाचे वाद न्यायालयापर्यंत गेलेली गावेही आहेत. तिथे कुठल्याही बाजूच्या घरी मुक्काम ठरवू नका, शाळेत किंवा देवळाच्या धर्मशाळेत राहा.

गणपतीत गाव सर्वांत भरलेले असते. तेव्हा प्रश्नावली बाहेर काढणे अशोभनीय आहे. आरतीला उभे राहावे, जेवावे, ओळखी कराव्यात.

हे सगळे परीक्षेच्या वेळापत्रकात बसत नाही अशी तक्रार तुम्हाला ऐकवली जाईल. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्पासाठी ४ क्रेडिट राखलेले आहेत. ते सलग आठ दिवसांत संपवण्याऐवजी वर्षभरात दोन-दोन दिवसांच्या फेऱ्यांत विभागून द्या. तसा आराखडा अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घ्या. तुमचे विद्यार्थी बहुतेक आसपासचेच असतात, त्यांना एसटीने जाऊन येणे परवडते. हा आपल्या जागेचा फायदा आहे.

गावात शिरताना

सरपंचांचे पत्र घ्या, पोलीस पाटलांना कळवा. पण एवढ्यावर गाव उघडत नाही. कोकणातले गाव वाड्यांचे. मानकऱ्यांच्या ओटीवर बसून चहा घेतलात की दुपारपर्यंत ती खबर बौद्धवाडीत आणि मोहल्ल्यात पोचलेली असते, आणि मग तिथे तुम्हाला मिळणारी उत्तरे त्या ओटीला साजेशी असतात. पहिल्याच दिवशी मुलांचे गट करून सगळ्या वाड्यांत एकाच वेळी पाठवा. कुठल्या वाडीत पहिले गेलात ही गोष्ट गाव विसरत नाही.

दुसरे, अर्धे गाव मुंबईत असते. गिरण्यांच्या काळापासून घरटी एक तरी पुरुष लालबाग-परळला होता. १९८२ च्या संपानंतर ती वस्ती विरार, नालासोपारा, दिवा अशी पांगली, पण वाडीचे मुंबई मंडळ टिकून आहे. देवळाचा जीर्णोद्धार असो की पाण्याची टाकी, निर्णय त्या मंडळाच्या बैठकीतही होतो. तेव्हा गावातल्या अभ्यासाची माहिती मुंबई मंडळाच्या चिटणीसांनाही द्या आणि एक-दोन विद्यार्थ्यांना त्यांच्या बैठकीला पाठवा. केवळ गावात राहून केलेला कोकणातल्या गावाचा अभ्यास मला अपुराच वाटतो.

जमिनीबद्दल विचारताना मुलांना आधी खोती, म्हणजे खोतामार्फत कुळांकडून सारा वसूल करायची जुनी पद्धत, शिकवून पाठवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. अलिबागजवळच्या चरीत शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे संप चालवला. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. तारखा जुन्या वाटतात, पण अजूनही कोण कुणाच्या घरात चप्पल काढून जातो यात तो इतिहास दिसतो.

कातळशिल्पांचे काम करायचे असेल तर वेगळी काळजी. कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला आणि तेव्हापासून उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी इथे अभ्यासक आणि हौशी दोघांची गर्दी वाढली. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरू देऊ नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा फोटो आपोआप चांगले येतात. उत्खनन किंवा साफसफाई पुरातत्त्व संचालनालयाच्या परवानगीशिवाय नाही. आणि सडा मोकळा दिसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा किंवा सामाईक असतो, तिथे गुरे चरतात, कुठे चिरेखाण चालते. गुराख्याशी बोला. त्या चित्रांना तो काय म्हणतो आणि त्याच्या आजोबांनी काय सांगितले, हे मानवशास्त्राचे काम आहे आणि ते पुरातत्त्ववाले तुमच्यासाठी करणार नाहीत.

वनौषधींची माहिती गोळा करण्याचा मुलांना फार उत्साह असतो. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोक जैवविविधता नोंदवही ठेवते. आधी त्या समितीशी बोला. वैदूने किंवा सुईणीने विश्वासाने सांगितलेले पान प्रबंधाच्या परिशिष्टात वनस्पतीच्या नावानिशी छापून टाकणे ही लूट आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

कुणी दाखला मागायला आले तर

या प्रसंगाची तयारी कुठलेही प्रशिक्षण देत नाही, आणि तो येतोच. एखादे दिवशी दारात एक वडील आणि त्यांची बारावी झालेली मुलगी उभी असते. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल नोंदवहीचा उतारा, कुणा नातलगाचे वैधता प्रमाणपत्र आणि घडीवर फाटत आलेला सातबारा. जात पडताळणी समितीने त्रुटी काढलेली असते. कुणीतरी त्यांना सांगितलेले असते की विद्यापीठातल्या मानवशास्त्राच्या साहेबांचे पत्र आणा, म्हणजे काम होईल. सिंधुदुर्गातल्या ठाकर कुटुंबांपासून महादेव कोळी म्हणवणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या बाबतीत हे घडते.

त्यांना बसवा, पाणी द्या, कागद नीट पाहा. पण ‘ही व्यक्ती अमुक जमातीची आहे’ असे पत्र विभागप्रमुख म्हणून देऊ नका. तो अधिकार कायद्याने पडताळणी समितीचा आहे, आणि एकाला दिले की दुसऱ्याला नाकारण्याचे ओझेही तुमच्या सहीवर येते. तुम्ही काय करू शकता ते ठामपणे करा. त्या जमातीच्या चालीरीती, कुळे, देवके यांबद्दल विभागात जे प्रकाशित साहित्य आहे त्याच्या प्रती पान क्रमांकासह काढून द्या. समितीपुढे १९५० पूर्वीच्या कागदांना सर्वांत जास्त वजन असते हे त्यांना सांगा, म्हणजे ते आजोबांच्या शाळेत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने रजिस्टर शोधतील. आप्तभाव चाचणीत (जमातीशी असलेले नाते तपासणाऱ्या प्रश्नोत्तरांत) चालीरीतींबद्दलचे एखादे उत्तर चुकले म्हणून घाबरलेल्यांना हेही सांगा, की सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे असे स्पष्ट केले आहे. मुंबईत दोन पिढ्या काढलेल्या घरातल्या मुलीला आजीची लग्नगीते आली नाहीत म्हणून तिची जमात बदलत नाही, हे आपल्या विषयाला कळले नाही तर कुणाला कळणार?

वनहक्कांच्या दाव्यांत मात्र विभागाने मागे राहू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत मान्यताप्राप्त संस्थांनी केलेले अभ्यास आणि रूढी-परंपरांच्या नोंदी पुरावा म्हणून धरल्या जातात, आणि उदाहरण म्हणून भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे नाव तिथे घेतलेले आहे. म्हणजे तुमच्या कपाटातली जुनी टिपणे, एखाद्या वाडीचा हाताने काढलेला नकाशा, कुठल्या डोंगरातून मध आणि कंद आणत याची नोंद, ही सगळी त्या वाडीच्या कामाची असू शकते. अशा गावांची यादी करून ग्रामसभेच्या वनहक्क समितीला तुम्हीच कळवा. त्यांना अशा वह्या आहेत हे ठाऊक असण्याचे कारणच नाही.

अभ्यासक्रम

सगळा अभ्यासक्रम पहिल्या वर्षी बदलायला निघू नका. एक पेपर बदला, तोही स्थानिक. इथल्या मुलांना विषय परका वाटतो, कारण पुस्तकांत आफ्रिका आणि पॅसिफिकची बेटे असतात. त्यांना सांगा की मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्र विभागाची सूत्रे १९२४ पासून सांभाळणारे गोविंद सदाशिव घुर्ये मालवणात जन्मले. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले. त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला पहिला महत्त्वाचा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात वाचला. जातीबाहेरच्या विवाहाला बंदी हे जातीचे मर्म आहे, ही मांडणी त्यात आहे. तो निबंध पहिल्या सत्रात लावा आणि मग मुलांना आपापल्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्ने लिहून आणायला सांगा. सिद्धान्त समजावून सांगायची गरज उरत नाही. मात्र ती पाने वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका, तपासून ज्याची त्याला परत करा.

पीएचडीबाबत एवढेच: २०२२ च्या यूजीसी विनियमांप्रमाणे प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. कोण कधी निवृत्त होणार याचा तक्ता आधी करा, मग जागा जाहीर करा.

मुलींना घेऊन जाताना

यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांत लैंगिक छळाच्या संदर्भात क्षेत्रकार्याची जागा आणि प्रवासही संस्थेच्या परिसरातच धरला आहे. अंतर्गत तक्रार समितीचे नाव-नंबर असलेला कागद सहलीच्या पत्रकाला जोडा. त्याहून महत्त्वाचे, मुक्कामाचे ठिकाण आधी कुणातरी बाईने जाऊन पाहिलेले असावे: न्हाणीघराला कडी आहे का, रात्री बाहेर जावे लागते का, फोनला रेंज आहे का. मुलीने एखाद्या घरी मुलाखतीला जायला नकार दिला तर कारण विचारू नका आणि तिचे गुण कापू नका. पालक नको म्हणतात म्हणून मुली क्षेत्रकार्य सोडतात. तेव्हा एकदा त्यांच्या घरी जाऊन आईशी बोला. पुष्कळदा अडचण मुक्कामाची असते, विषयाची नसते.

परतफेड आणि पैसे

वर्षभरात देण्यांची यादी तयार झाली की ती फेडायला लागा. ज्या गावावर प्रबंध झाला तिथे त्याची मराठीत दहा-बारा पानांची पुस्तिका करून द्या. पीएचडीचा आडवातिडवा सारांश नको. गावाच्या शाळेत सातवीतल्या मुलाला वाचता यावी अशी लिहा. म्हातारीने गायलेल्या ओव्यांची फीत असेल तर पेन ड्राइव्हवर तिच्या घरच्यांना द्या. म्हातारी गेली असेल तर त्या ओव्या ऐकताना घरच्यांचे काय होते ते पाहाल. फोटो छापून द्या, मोबाइलवर पाठवून थांबू नका. दिलेल्या प्रत्येक गोष्टीची शाळेकडून, ग्रामपंचायतीकडून किंवा त्या घराकडून साधी पोच घ्या आणि मूळ वहीला जोडा.

एखाद्या गावाने सांगितले की ही टिपणे कुणाला दाखवू नका, तर तसा शिक्का मारून बंद करा. संशोधकांची तक्रार येईल, ती ऐकून घ्या, शिक्का काढू नका.

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची मागणी वित्त विभागाचे पत्र आले की लगेच पाठवा. तीत आर्द्रताशोषक यंत्र, स्कॅनर आणि ‘क्षेत्रकार्य परतभेट’ असे वेगळे शीर्ष मागा. वेगळे शीर्ष मिळाले नाही तर प्रत्येक अभ्याससहलीच्या प्रस्तावात आधी अभ्यासलेल्या गावी जाण्याचा एक दिवस वाढवून मंजूर करून घ्या, दौऱ्याच्या टिपणात त्या दिवसाचे काम जसेच्या तसे लिहा आणि बिलासोबत गावाच्या पोचेची छायाप्रत लावा. लेखापरीक्षकांना कागद लागतो, आणि तो तुमच्याजवळ असेल.